घरगुती एफएम ट्रान्समीटरची परत परत येणारी घरघर: कारण कसे शोधावे आणि उपाय काय करावा

मोबाइलमधील भजने, जुनी नाट्यगीते किंवा व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे घरातल्या साध्या रेडिओवर ऐकता यावीत, यासाठी काही शे रुपयांत मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर फार उपयोगाचा आहे. ज्यांना मोबाइलचा पडदा सरावाचा नाही, पण रेडिओचे बटण मात्र डोळे मिटून फिरवता येते, अशा वडीलधाऱ्यांसाठी तर ही सोय मोलाची ठरते. सोलापुरात आमच्या घरी ती आईसाठीच केली आहे. ट्रान्समीटर बाहेरच्या खोलीत, रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि मध्ये एक जाड दगडी भिंत, अशी ही मांडणी आहे. या मांडणीत सर्वांत जास्त वेळा उद्भवणारी आणि गेली असे वाटूनही परत येणारी तक्रार म्हणजे गाण्याच्या मागे सतत ऐकू येणारी घरघर.

या घरघरीचा स्वभाव त्रासदायक आहे. अडॅप्टर बदलला की ती जाते आणि दुसऱ्या दिवशी केर काढून झाला की पुन्हा हजर होते. ऑडिओची वायर नवी आणली की आवाज स्वच्छ होतो, पण कोणी टेबल जरा सरकवले की पूर्वीसारखाच बिघडतो. मग माणूस एकेक वस्तू बदलत जातो, खर्च वाढतो आणि शेवटी ट्रान्समीटरच टाकाऊ आहे असे ठरवून तो कपाटात ठेवून देतो. माझे निरीक्षण असे आहे की अशा बहुतेक प्रसंगी दोष दुरुस्त झालेला नसतोच. दुरुस्तीच्या खटपटीत तारांची जागा तेवढी बदललेली असते. ही गोष्ट लक्षात आली की पुढचा शोध बराच सोपा होतो.

पहिले काम म्हणजे घरघर कोणत्या वाटेने येते हे ठरवणे. ट्रान्समीटर चालू ठेवून त्यातली ऑडिओची पिन पूर्णपणे काढून घ्यावी आणि रेडिओ त्याच जागी लावलेला असू द्यावा. रेडिओतून जवळजवळ शांतता आली, म्हणजे ट्रान्समीटर नसताना येणारी ‘सूं’ अशी खरखर दबली आणि तिच्या जागी निव्वळ मोकळी स्तब्धता आली, तर वीजपुरवठा व ट्रान्समीटर ठीक आहेत आणि घरघर ऑडिओच्या वाटेने येत आहे. पिन काढूनही घरघर तशीच राहिली तर ती वीजपुरवठ्यातून किंवा तारांतून येत आहे. तिसरी शक्यता बरेच जण विसरतात: रेडिओची सुई बाजूच्या रिकाम्या वारंवारतेवर नेली किंवा आकाशवाणीचे केंद्र लावले, तरीही घरघर ऐकू येत असेल, तर दोष रेडिओच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यात आहे आणि ट्रान्समीटरचा त्याच्याशी काही संबंध नाही. जुन्या रेडिओतील फिल्टरचा मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारा भाग, वयोमानाने कोरडा पडला की असे होते. रेडिओत सेल घालून तो ऐकला की याची खात्री लगेच पटते.

घरघर वीजपुरवठ्याच्या बाजूची आहे असे ठरल्यावर ट्रान्समीटरही अडॅप्टरवरून काढून सेलवर चालवून पाहावा. येथे एक अडचण हमखास येते. पुष्कळ जण यासाठी पॉवर बँक वापरतात आणि ट्रान्समीटर थोड्याच वेळात आपोआप बंद पडतो, म्हणून त्यांना वाटते की आता ट्रान्समीटरही बिघडला. प्रत्यक्षात पॉवर बँक फार कमी प्रवाह घेणाऱ्या उपकरणाला ‘काहीच जोडलेले नाही’ असे समजून स्वतःला बंद करते आणि हा छोटा ट्रान्समीटर काही दहा मिलिअँपिअरच घेत असतो. कमी प्रवाहासाठी वेगळी सोय असलेली पॉवर बँक मिळते; ती नसेल तर ट्रान्समीटरवर लिहिलेल्या व्होल्टेजप्रमाणे साधे पेन्सिल सेल खोक्यात बसवून चाचणी करावी. पाच व्होल्टच्या ट्रान्समीटरला चार नवे साधे सेल थेट जोडू नयेत, कारण ते सहा व्होल्टच्याही किंचित वर जातात. पुन्हा चार्ज होणारे चार निकेल सेल पाच व्होल्टच्या आसपास असतात, ते चालतात.

सेलवर घरघर पूर्ण थांबली, तर नवा, महागडा अडॅप्टर आणायला धावू नये. आधी कारण समजून घ्यावे, कारण साऱ्या समस्येचे मूळ येथेच आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. अडॅप्टरच्या आतील डायोड ती एकदिश करताना प्रत्येक सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात, म्हणून या घरघरीचा सूर बहुतेक वेळा १०० हर्ट्झचा असतो. ती स्वस्त अडॅप्टरच्या पाच व्होल्टमध्ये थोडी मिसळलेली असू शकते, आणि ते एक साधे कारण झाले. पण दुसरे कारण अधिक वेळा आढळते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एफएमच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे ३ मीटर असते. त्यामुळे मीटरभर लांबीची यूएसबी वायर ही ट्रान्समीटरच्या दृष्टीने निव्वळ वीज आणणारी वायर राहत नाही. ती अँटेनाचाच दुसरा भाग बनते. ट्रान्समीटरची लहर या वायरमधून मागे अडॅप्टरमध्ये जाते, तेथील छोट्या कपॅसिटरमधून भिंतीतल्या वायरिंगपर्यंत पोहोचते आणि तो रस्ता डायोडबरोबर सेकंदाला १०० वेळा उघडतो-मिटतो. अशा रीतीने बाहेर पडणाऱ्या लहरीवरच घरघर चढते. अडॅप्टरचे पाच व्होल्ट अगदी स्वच्छ असले तरीही हे घडू शकते, म्हणूनच नवा अडॅप्टर आणूनही काही साधत नाही. वायर जराशी हलली, तिची गुंडाळी सुटली किंवा ती टेबलाच्या लोखंडी पायाला लागली की या रस्त्याचे गणित बदलते आणि घरघर वाढते किंवा गायब होते. केर काढल्यानंतर ती परत का येते, याचे उत्तर हे आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. घरघर ऐकू येत असताना यूएसबीच्या वायरवरून हात हळूहळू फिरवावा किंवा वायर हातात धरून ठेवावी. हात पुढे सरकेल तशी घरघर कमीजास्त होत असेल, तर दोष या दुसऱ्या प्रकारचा आहे. हात कोठेही धरला तरी ती एकसारखीच राहिली, तर पाच व्होल्टमध्येच अशुद्धता आहे असे समजावे.

पाच व्होल्टमधील अशुद्धतेवर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. ट्रान्समीटरच्या अगदी जवळ, वीज जेथे आत शिरते तेथे, १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर आणि त्याच्या जोडीला ज्यावर ‘१०४’ असे छापलेले असते तो पिवळसर सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, असे दोन्ही जोडावेत. मोठा कपॅसिटर १०० हर्ट्झची घरघर शोषतो आणि छोटा उच्च वारंवारतेची वाट जमिनीकडे, म्हणजे उपकरणाच्या ऋण (ग्राउंड) तारेकडे, वळवतो. मोठ्याला हे दुसरे काम नीट जमत नाही, म्हणून छोटा वगळू नये. मोठ्या कपॅसिटरची धन आणि ऋण टोके पाहूनच जोडणी करावी. ट्रान्समीटर बारा व्होल्टवर चालणारा असेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा साधा रेग्युलेटर घालणे आणखी चांगले. अडॅप्टर मात्र कोणीही उघडू नये. त्याच्या आत २३० व्होल्टच्या विजेपासून सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा दाब साठलेला असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

तारेतून मागे जाणाऱ्या लहरीवर उपाय वेगळा. फेराइटचे कडे, म्हणजे संगणकाच्या जुन्या मॉनिटरच्या वायरवर जी काळी, जाड गाठ दिसते तसले, घ्यावे आणि यूएसबीच्या वायरचे त्यातून पाच-सहा वेढे काढावेत. हे कडे ट्रान्समीटरपासून चार बोटांच्या अंतरावर असावे. अडॅप्टरजवळ बसवले तर मधली सगळी वायर अँटेनाचे काम करतच राहते आणि उपयोग फार कमी होतो. ऑडिओच्या वायरलाही असेच दुसरे कडे लावावे, कारण मोबाइल त्या वेळी चार्जरला जोडलेला असेल तर लहर त्या वाटेनेही मागे जाते. जुनी वायर भंगारात काढलेल्या मॉनिटरबरोबर किंवा प्रिंटरबरोबर मिळते. नवी पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांबद्दल विचारपूस केल्यासही अशी कडी मिळू शकतात. यानंतर ट्रान्समीटरला स्वतःची नीट अँटेना द्यावी. १०७ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर होते. तेवढी साधी वायर सरळ उभी ठेवली की लहरीला बाहेर पडायला तिची हक्काची वाट मिळते आणि वीजतारेवरचा भार कमी होतो. ज्या ट्रान्समीटरमध्ये अँटेना आतच बसवलेली असते, तेथे बाहेरून काही जोडू नये. तेथे कडी आणि तारेची मांडणी एवढ्यावरच काम भागवावे.

आमच्याकडे ही कडी बसवल्यानंतर वायर टेबलाच्या मागच्या कडेला चिकटपट्टीने पक्की केली आहे. हे काम फुटकळ वाटते, पण ते टाळू नये. जी तक्रार तारेच्या जागेमुळे येते, तिचा उपाय तारेची जागा पक्की केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आता ऑडिओच्या वाटेने येणारी घरघर. मोबाइल नुसता सेलवर असताना आवाज स्वच्छ आणि चार्जर लावताच घरघर, असे असेल तर मोबाइल आणि ट्रान्समीटर दोन वेगळ्या अडॅप्टरवर आहेत आणि त्यांच्या जमिनींमध्ये फरक पडतो आहे. दोन्ही एकाच अडॅप्टरच्या दोन खाचांवर जोडून पाहावे. बऱ्याचदा एवढ्याने भागते, तर कधी उलट त्रास वाढतो. केबल टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समधून आवाज घेणाऱ्यांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण केबलचे वरचे कवच गल्लीतून दुसऱ्याच ठिकाणच्या जमिनीशी जोडलेले असते. तेथे एकच उपाय टिकतो: दोन्ही बाजूंमध्ये १:१ गुणोत्तराचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालणे. कारमधील संगीतसंचासाठी ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ या नावाने तो तयार डबीत मिळतो. पेठांमधल्या जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना अर्थिंग नसते. लॅपटॉपला अंग लावले की बारीक झिणझिण्या येतात, त्याचे कारण हेच. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये. घरघर गेली तरी तो जिवाशी खेळ आहे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताच घरघर येत असेल, तर तो इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा आहे. त्या लहरीत ५० हर्ट्झच्या पटीतल्या अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. तेवढ्या वेळापुरता ट्रान्समीटर सेलवर घेणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे.

घरघरीशी गल्लत होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फाटका आवाज. तबल्याच्या थापेला किंवा गायकाने वरचा सूर लावला की आवाज चिरतो आणि मंद जागी मात्र स्वच्छ असतो. हा वीजपुरवठ्याचा दोष नाही; ट्रान्समीटरला झेपेल त्यापेक्षा मोठा आवाज आत येतो आहे. एफएममध्ये लहरीची वारंवारता दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंतच हलावी असे ठरलेले आहे. त्यापलीकडे ती हलली की रेडिओला ती पेलत नाही आणि शेजारच्या केंद्रावरही तिचा उपद्रव होतो. आकाशवाणीचे केंद्र लावून त्याच्या निवेदनाचा आवाज कानात ठेवावा आणि मग ट्रान्समीटरवर येऊन मोबाइलचा आवाज असा ठेवावा की रेडिओचे बटण न हलवता दोन्ही सारखे, किंवा आपला किंचित कमी, ऐकू येतील. मोबाइलमधील इक्वलायझर बंदच असावा. विशेषतः तीव्र स्वर (ट्रेबल) उठवलेले असतील तर आवाज लवकर फाटतो, कारण एफएमच्या पद्धतीप्रमाणे ट्रान्समीटर तीव्र स्वर स्वतःहून उठवतो आणि रेडिओ ते पुन्हा खाली आणतो. आपल्याकडे या उठावाचे प्रमाण ५० मायक्रोसेकंदाचे आहे आणि अमेरिकेत ७५ चे. तिकडच्या प्रमाणानुसार बनवलेला ट्रान्समीटर आपल्या रेडिओवर थोडा चरचरीत लागतो, तो बिघाड समजू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक वेगळी तक्रार हमखास येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याचे छत असलेल्या खोलीत त्याहून अधिक तापमान होते, आणि सकाळी लावलेले केंद्र दुपारी सापडत नाही. एक-दोन ट्रान्झिस्टर आणि तांब्याच्या तारेची छोटी कॉइल असलेल्या अगदी स्वस्त ट्रान्समीटरमध्ये हे अटळ आहे. कॉइल, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर यांचे गुण तापमानाबरोबर बदलतात आणि तापल्यावर वारंवारता बहुधा खाली सरकते. सेल उतरत गेले तरी ती सरकते. त्यातून जुन्या रेडिओत वारंवारता आपोआप धरून ठेवणारी सोय चालू असेल, तर रेडिओ आपली दुबळी लहर सोडून शेजारच्या जोरदार केंद्राकडे ओढला जातो आणि मग दोष कोणाचा हे कळेनासे होते. यावर खटपट करण्यापेक्षा क्रिस्टलवर, म्हणजे ठरावीक वारंवारतेला कंप पावणाऱ्या स्फटिकावर, बांधलेला ट्रान्समीटर घेणे शहाणपणाचे. रोम कंपनीची बीएच १४१७ ही चिप त्यासाठी फार वापरली गेली आहे. ७.६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ती ८७.७ ते ८८.९ आणि १०६.७ ते १०७.९ मेगाहर्ट्झ या दोन टप्प्यांत, ०.२ च्या अंतराने, एकूण १४ ठरावीक जागा देते. पडद्यावर आकडा दाखवणारे आजचे बहुतेक ट्रान्समीटर याच तत्त्वावर चालतात. त्यांची वारंवारता उन्हाने जाणवण्याइतकी हलत नाही.

पट्ट्यावरची रिकामी जागा निवडताना ट्रान्समीटर बंद ठेवून, जेथे रेडिओ कायम राहणार आहे तेथेच बसून संपूर्ण पट्टा ऐकावा, आणि तो सकाळी व रात्री असा दोन्ही वेळा ऐकावा. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे हवेचे थर असे जमतात की एरवी न ऐकू येणारी लांबच्या गावांची केंद्रेही उमटतात, आणि दुपारी रिकामी वाटलेली जागा पहाटे व्यापलेली आढळते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना मोटर सुरू-बंद होताना रेडिओत टकटक ऐकू येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही असाच त्रास देतात. लहर पुरेशी जोरात पोहोचत असेल तर एफएम रेडिओ हे सगळे दाबून टाकतो. म्हणून या त्रासाचा उपाय रेडिओ आणि ट्रान्समीटर यांच्या जागेत शोधावा.

जागेचे महत्त्व येथे सर्वांत जास्त आहे. खोलीत पत्रा, लोखंडी कपाट किंवा धान्याच्या कोठ्या असतील तर त्यांवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला काही ठिकाणी मारते. हात-दीड हात सरकले की आवाज पुन्हा भरून येतो. आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ फळीच्या डाव्या टोकाला खरखरत होता आणि डब्यांची रांग ओलांडून उजव्या टोकाला नेल्यावर त्याच अँटेनावर स्वच्छ वाजू लागला. संगीतसंचावर ऐकत असाल तर स्टिरिओ बंद करून मोनो ठेवावा. स्टिरिओला कितीतरी पट जोरदार लहर लागते आणि ती मिळाली नाही की सूक्ष्म खरखर कायम राहते.

इतके करूनही आवाज अपुरा वाटला म्हणून जास्त शक्तीचा ट्रान्समीटर किंवा गच्चीवर अँटेना लावण्याचा विचार मनात येऊ देऊ नये. रेडिओ लहरी सोडणारे उपकरण ही आपल्याकडे कायद्याच्या कक्षेतली बाब आहे. १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी हे क्षेत्र दीर्घकाळ नियमित केले आणि २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. गावासाठी चालणाऱ्या सामुदायिक रेडिओलाही रीतसर परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ पासून विनापरवाना वापराची जी मुभा आहे ती अवघ्या ५० नॅनोवॅटची आहे, यावरून एका घरापुरते ऐकायला किती थोडी शक्ती पुरते हे दिसते. शिवाय एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. ११८ च्या पुढे वैमानिकांचे संभाषण चालते. ऑनलाइन मिळणाऱ्या काही वॅटच्या उघड्या सर्किट बोर्डांमध्ये नको असलेल्या लहरी गाळण्याची सोय बहुधा नसते, आणि आपल्या शहरात होटगी रस्त्यावर विमानतळ आहे. शेजारच्या घरात आपले केंद्र स्पष्ट ऐकू येत असेल, तर शक्ती गरजेपेक्षा जास्त झाली असे समजून अँटेनाची वायर आखूड करावी.

सेलवर चालवून, ऑडिओची पिन काढून, रेडिओही सेलवर ठेवून घरघर जशीच्या तशी राहिली, तर मात्र दोष ट्रान्समीटरच्या आत आहे. भिंग धरून ऑडिओच्या सॉकेटची आणि वीज शिरते त्या जागेची डाग, म्हणजे सोल्डरची जोड, तपासावी. वारंवार पिन घातल्याने सॉकेटच्या जमिनीच्या टोकाभोवती केसाएवढी गोल भेग पडते आणि तेथे पुन्हा डाग दिला की तो ठीक होतो. डाग चांगली असूनही फरक पडला नाही, तर या किमतीच्या वस्तूवर अधिक वेळ न घालवता ट्रान्समीटर बदलावा. कडी, कपॅसिटर आणि चिकटपट्टीने पक्की केलेली वायर मात्र तशीच राहू द्यावी, नव्या ट्रान्समीटरलाही त्यांची तेवढीच गरज लागणार आहे.